मालक स्वतः राहतात काय?

भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसानं घरपट्टीवर बोलू नये, असा काही नियम बहारीनमध्ये नाही. त्यामुळे आम्हाला ते रोज ऐकावं लागे.

आम्ही त्यांना मालक म्हणत असू. गुदैबियातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहत होतो: ते, मी आणि केरळचा एक ड्राफ्ट्समन. खाली मंगळुरी खाणावळ, तिच्या शेजारी सलून, समोर फोन दुरुस्तीची दुकानं. फ्लॅट कंपनीनं भाड्यानं घेतलेला, तेव्हा तिघांपैकी कुणाच्या नावावर त्यातला खिळासुद्धा नव्हता. तरी सकाळी सलमाबादच्या वर्कशॉपला नेणाऱ्या गाडीत चढताना ड्रायव्हरनं "सलाम, सर" म्हटलं की हे त्याला थांबवत. "सर नहीं. हम घरमालक आदमी है." ड्रायव्हर पेशावरचा. त्याची समजूत झाली की ही इमारतच ह्यांची आहे. दोन वर्षं तो त्यांच्याकडे आपल्या भावासाठी खोली मागत होता, आणि हे दोन वर्षं त्याला "इंशाल्ला" म्हणत होते.

घर मात्र खरोखर होतं. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या हद्दीत, चार खोल्या आणि पुढे ओटा. बहारीनमधल्या पहिल्या आठ-दहा वर्षांच्या पगारातून त्यांनी ते बांधलं होतं. त्यात त्यांची बायको राहायची. वहिनी त्याच गावात नगरपालिकेच्या शाळेत आधी शिक्षिका होत्या, पुढे मुख्याध्यापिका झाल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला. आणि मालक स्वतः त्या घरात वर्षातून एकदा, तीन आठवडे.

दरवर्षी घरपट्टीचं बिल आलं की वहिनी त्याचा फोटो पाठवत. आमची कंपनी एसीचे डक्ट बनवते. मालक तिथले एस्टिमेटर, म्हणजे ड्रॉइंग बघून किती पत्रा लागेल ते मोजणारे, आणि मी त्यांच्या हाताखाली. ज्या मोठ्या प्लॉटरवर आम्ही हॉस्पिटलांची आणि मॉलची ड्रॉइंग काढत असू, त्याच्यावर ते घरपट्टीचं बिल छापत. दारापेक्षा थोडं लहान एवढं ते व्हायचं. मग खोलीतल्या भिंतीवर वर्षभर.

त्यात ओळी असत. सर्वसाधारण कर, सफाई कर, दिवाबत्ती कर, वृक्ष कर, शिक्षण कर. डोंबिवलीला माझ्या आईवडिलांचा फ्लॅट आहे. त्याची पट्टी सोसायटी भरते की बाबा भरतात हे मला आजही सांगता येणार नाही. मालकांना प्रत्येक ओळीमागची वस्तू माहीत होती. दिवाबत्ती म्हणजे कोपऱ्यावरचा खांब. वृक्ष कर म्हणजे दवाखान्यासमोरचा गुलमोहर. पालिकेनं असं कुठंही लिहून दिलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच, पत्रा मोजतात तसं, आपल्या रकमेत काय काय बसेल ते बसवलं होतं.

एकदा तो कोपऱ्यावरचा दिवा गेला. वहिनींच्या बोलण्यात ते सहज आलं. ह्यांनी सलमाबादच्या ऑफिसातून थेट पालिकेच्या वायरमनला फोन लावला.

"खांब कुठला म्हणालात?" वायरमननं विचारलं.

"पिठाच्या गिरणीच्या कोपऱ्यावरचा. तीन दिवस बंद आहे. काय चाललंय काय?"

"तुम्ही आत्ता खांबाखाली उभे आहात का?"

"न्हाई. मी बहारीनला आहे."

मग वायरमन म्हणाला, "साहेब, मग तुम्हाला अंधार कसा लागतोय?"

हा प्रश्न मला तेव्हाही योग्य वाटला होता. मालक म्हणाले, "पट्टी कोण भरतंय?" दिवा दुसऱ्या दिवशी लागला, त्यामुळे हा युक्तिवाद बरोबर आहे अशी त्यांची खात्री झाली.

पण त्यांची खरी ओळ शिक्षण कराची. त्या करात शाळेचा एक बाक बसतो असा त्यांचा हिशेब. वहिनींच्याच शाळेतला, तिसरीच्या वर्गातला, खिडकीकडचा. रजेवर गेले की ते शाळेत जात आणि त्या बाकाचे स्क्रू घट्ट आहेत का बघत. एका वर्षी त्यावर बसलेली मुलगी घाबरून उठली, तर हे म्हणाले, "बस बस. तुझाच आहे. मी नुसती पट्टी भरतो."

वहिनींना हे अजिबात आवडत नसे. "शाळेत यायचं तर पालक म्हणून या, नाहीतर येऊ नका," त्यांनी बजावलं होतं. ह्यावर हे आम्हाला सांगत, की मुख्याध्यापिकेच्या पगारातही आपला हिस्सा आहे, म्हणून ती जरा घुश्श्यात असते. एकदा मी फोनवर वहिनींना हे सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मला पगार शासन देतं. त्यांना सांगा, तुमचा स्क्रू-ड्रायव्हर कपाटात ठेवलाय, तो घेऊन जा."

मी त्यांना विचारलं होतं, की बाक तुमचा हे कुठल्या कायद्यात आहे.

"तू फार वाचतोस, पंडित." मला ते पंडित म्हणत, माझ्या उशाशी पुस्तकं असत एवढ्या पुराव्यावर. "पावती वाच की जरा."

मी वाचली. पावतीत बाक नव्हता. त्यांनी मग पालिकेलाच पत्र लिहिलं: माझा शिक्षण कर नक्की कशावर खर्च झाला ते कळवावे. चार महिन्यांनी उत्तर आलं. हा कर पालिका फक्त गोळा करते. तो राज्य शासनाकडे जमा होतो आणि शाळांना अनुदान शासनाकडून येतं. मालक आठवडाभर विमनस्क होते. शेवटी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता म्हणाले, "म्हणजे माझा बाक मुंबईला जाऊन परत आला म्हणायचा?"

मी म्हटलं, तसंच काहीसं.

"मोडला नसंल न्हवं?"

त्यांच्याविषयी लिहायला बसलो की माझी अडचण ही होते. ते विनोद करत होते की नाही, हे मला सात वर्षं एका स्वयंपाकघरात वावरूनही ओळखता आलं नाही. चेहरा कायम सारखाच. पत्र्याचं माप सांगताना जो, तोच बाकाबद्दल बोलताना. विजेच्या बिलावर बलदियाची, म्हणजे इथल्या पालिकेची, फीची ओळ असते. ती कंपनी भरायची. पण हे ती ओळसुद्धा बोटानं चाचपून म्हणत, "इथंबी आपली पट्टी हाय." बुदैयाच्या रस्त्यानं साइटवर जाताना दोन्ही बाजूंना नवे व्हिला दिसत, उंच भिंती, भिंतीवरून डोकावणारी बोगनवेल, दारात तीन-तीन गाड्या. आम्ही गाड्या बघायचो. हे विचारत, "ह्या आळीची शाळा कुठं आहे रे?"

मग ती सवलत आली.

राज्य शासनानं जाहीर केलं, की जो मालक स्वतःच्या घरात स्वतः राहतो त्याला घरपट्टीत सूट, शिक्षण करासकट. पालिकेचं जे नुकसान होईल ते शासन भरून देणार. त्यासाठी एक अर्ज भरायचा, मग पालिकेचा माणूस घरी येऊन खात्री करणार. नुकत्याच निवृत्त झालेल्या वहिनींनी अर्जाचा फोटो पाठवला. नाव, घर क्रमांक, वॉर्ड सगळं त्यांनी सुबक अक्षरात भरलं होतं. एक रकाना रिकामा होता: मालक स्वतः राहतात काय? पुढे होय आणि नाही. फोटोखाली त्यांनी विचारलं होतं, "काय लिहू?"

हा प्रश्न आमच्या फ्लॅटमध्ये दोन महिने राहायला होता.

केरळच्या ड्राफ्ट्समनला त्यात काही अडचणच दिसेना. त्याचं स्वतःचं तीन मजली घर त्याच्या गावी कुलूप लावून ठेवलेलं. "होय लिखो ना. वाइफ रहता है, मतलब आप रहता है. हमारा पूरा पंचायत ऐसा है."

"बायको राहते ते बायको राहते," मालक म्हणाले. "मी राहत न्हाई."

"तर मग नाही लिहा," मी म्हटलं. "जे आहे ते. सूट नाही मिळणार, एवढंच. तुम्हाला कुठं पैशाची पडलीय?"

ते भिंतीवरच्या बिलाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "नाही लिहिलं की ते लेखी होतं."

मला तेव्हा ते नीट कळलं नाही. मी आपला उपाय सुचवत बसलो. म्हटलं, घर वहिनींच्या नावावर करून टाका. बक्षीसपत्र करा. त्या राहतातच तिथं, उद्या सवलत मिळेल, प्रश्नच मिटला. हा सल्ला इतका सरळ होता की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मालक माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. काही सांगायचंच झालं तर ड्राफ्ट्समनला हिंदीत सांगत, "इसको बोलो गॅस बंद करने को," आणि तो बिचारा ते मला हिंदीतच सांगे. एका ओट्याशी दोन मराठी माणसं आणि मध्ये एक मल्याळी दुभाषी.

पाचव्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "पंडित, त्या गावात मला ओळखतं कोण? वर्गातली पोरं पुण्याला गेली, कोण वर गेली. गल्लीत नवी माणसं. मला बघून 'बाईंचे मिस्टर' म्हणतात. माझं नाव गावात एकाच जागी हाय. त्या पट्टीवर. तेबी काढू?"

ह्या वेळी मी उपाय सुचवला नाही.

कंपनीचा मंदूब, म्हणजे आमची व्हिसाची आणि सरकारी कामं करणारा बहारीनी गृहस्थ, ह्या भानगडीत ओढला गेला तो एका सकाळी चहाच्या वेळी. मालकांनी त्याला सगळं समजावलं. तो जाडजूड, शांत माणूस. मुंबईत लहानपणी उन्हाळे काढलेले, त्यामुळे हिंदी झकास. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"घर तुम्हारा?"

"हां."

"बीवी अंदर?"

"हां."

"तुम बाहर?"

"हां."

"और सरकार पूछता है, तुम अंदर या बाहर." त्यानं चहा संपवला. "मफी मुश्किल," म्हणजे काही अडचण नाही, असं तो अरबीत म्हणाला. "मुश्किल सरकार का नहीं है, भाई." आणि तो उठून गेला. हे वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं. मालकांना ते उद्धट वाटलं.

त्यांची आणखी एक शंका होती आणि ती त्यांना जास्त छळत होती असं मला वाटतं, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही. सगळ्यांना सवलत दिली तर शाळा कुणाची?

"सरकारची," मी म्हटलं.

"सरकार कुठल्या वॉर्डात राहतं?"

मी उशाशी पडलेलं पुस्तक उघडून बसलो.

शेवटी त्यांनी मार्ग काढला, आणि तो ऐकून मी अधिकच गोंधळलो. वहिनींना त्यांनी रकाना रिकामा ठेवूनच अर्ज द्यायला सांगितला. त्यांचं म्हणणं, आपण काय लिहितो त्याला किंमत नाही. तपासणीला येणारा काय मोजतो त्याला किंमत. आपण नाही का, गिऱ्हाइकाच्या तोंडी मापावर जात? साइटवर जाऊन टेप लावतो. तेव्हा तपासणीच्या दिवशी मालक घरात राहत असला म्हणजे झालं. त्या दिवसापुरतं ते खरंच असेल. खोटं कुठंच नाही.

तपासणीची तारीख पालिकेकडून कळली. मालकांनी रजा टाकली. फॉर्मवर कारण लिहिलं: घरी राहण्यासाठी. एचआरच्या फिलिपिनो बाईनं विचारलं, "व्हेकेशन?" हे म्हणाले, "नो, मॅडम. रेसिडन्स." तिनं व्हेकेशनवर खूण केली.

जाण्याआधीचा आठवडा परीक्षेआधीचा असावा तसा गेला. संध्याकाळी मी प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरं द्यायची. पाण्याचा मीटर कुठं? ओट्याच्या डाव्या अंगाला. पाणी किती वाजता येतं? सकाळी सहा. मी वहिनींना मेसेज करून पडताळलं, तर तीन वर्षांपासून पाणी संध्याकाळी येत होतं. शेजारी कोण? त्यांनी सांगितलेले गृहस्थ दोन वर्षांपूर्वी घर विकून गेले होते. तेव्हा ह्यांनी वहिनींनाच फोन लावला आणि म्हणाले, जरा सगळं लिहून पाठव, गल्लीत कोण कोण आहे, कचऱ्याची गाडी कधी येते.

वहिनी म्हणाल्या, "परीक्षा तुमची आहे," आणि त्यांनी फोन ठेवला.

तपासणीत काय झालं ते मी मालकांकडूनच ऐकलं. परत आल्यावर तीन दिवस ते त्याबद्दल काही बोलले नव्हते. चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ड्राफ्ट्समन चर्चला गेलेला असताना, त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. नेहमीच्याच चेहऱ्यानं.

पालिकेचा माणूस अकराच्या सुमारास आला. पंचविशी-तिशीतला, हातात फाइल. दारातच वहिनींच्या पाया पडला, कारण तो त्यांचाच विद्यार्थी. चौथीत त्यांच्या वर्गात होता. मालकांना वाटलं, झालं, काम सोपं झालं. त्यांनी स्वतःहून त्याला मीटर दाखवला. पाणी संध्याकाळी येतं हे सांगितलं. शेजाऱ्यांचं नाव सांगितलं. तो मान डोलवत होता, पण लिहीत काही नव्हता.

"इकडं तिकडं बघत होता नुसता," मालक म्हणाले.

"काय बघत होता?"

"माझी बॅग."

बॅग हॉलमध्ये, भिंतीशी. येऊन सहा दिवस झाले होते. विमानाची चिठ्ठी अजून हँडलला. वरच्या कप्प्यात कपडे, त्यावर दाढीचं सामान, प्लास्टिकच्या पिशवीत टूथब्रश. दरवर्षी ते असंच राहत. तीन आठवड्यांसाठी कपाटात काय लावायचं? वहिनींच्या कपाटात जागा होती की नाही हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

मग वहिनींनी चहा आणला. इथं मालकांनी गॅसवरच्या कढईतले पोहे परतले. झाकण ठेवलं.

"तीन कप होते," ते म्हणाले. "म्हणजे दोन कप. शोकेसमधले, सोनेरी काठाचे. एक त्याला, एक मला. आणि स्वतःला तिनं तिच्या रोजच्या स्टीलच्या पेल्यात."

"मग?" मी विचारलं.

"मला दरवर्षी त्याच कपात देते ती चहा. कधी ध्यानातच आलं न्हाई. ते पोरगं बघत होतं. एकदा त्याच्या कपाकडं, एकदा माझ्या. मग तिच्या पेल्याकडं. मग पेन काढलं त्यानं."

पेन काढून तो लगेच लिहिता झाला नाही. त्यानं वहिनींकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, काय लिहू?"

एवढंच त्या घरात त्या क्षणी ठरायचं होतं. वहिनींनी होय म्हटलं असतं तर त्यानं होय लिहिलं असतं. बाईंच्या शब्दापलीकडे तो जाणार नव्हता. मालक म्हणाले, मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कपातल्या चहाकडे बघत बसलो.

वहिनी म्हणाल्या, "तुला चौथीत काय शिकवलं होतं? दिसतं ते लिही."

त्यानं लिहिलं. मालकांनी त्या कागदाची प्रत मागून घेतली होती. ती त्यांनी मला खिशातून काढून दाखवली. घर क्रमांक, वॉर्ड, तारीख. शेरा: घरी मालकीणबाई व एक पाहुणे आढळले.

मला वाईट वाटावं की हसू यावं, ते ठरेना. मी म्हटलं, "अहो, चूक केली त्यानं. मालक समोर बसलेले असताना पाहुणे काय लिहितो? अपील करा. नियमात असेल काहीतरी."

"चूक कशी?" ते म्हणाले. "माप बरोबर घेतलंय पोरानं. मी असतो तर हेच लिहिलं असतं."

"आणि वहिनी? त्या तरी..."

"तिनं शाळा चालवलीय, पंडित. ती खोटी हजेरी लावत न्हाई." ते ताटल्या मांडायला लागले. मग म्हणाले, "तो गेल्यावर ती रडली. मला कळंना. खरं तीच बोलली, आणि रडली पण तीच."

पोहे करपले होते. आम्ही तसेच खाल्ले.

त्यानंतर घरपट्टीचा विषय फ्लॅटमधून नाहीसा झाला. गाडीत ते खिडकीबाहेर बघत. ड्राफ्ट्समन मला खाणाखुणांनी विचारायचा, काय झालं? मी सांगायचा प्रयत्न केला. कपाची गोष्ट त्याला सांगताना मला हिंदी कमी पडली, की ती गोष्टच हिंदीत सांगण्यासारखी नव्हती, कोण जाणे. तो म्हणाला, "कप टूट गया क्या?"

दीड महिन्यानं मालकांनी राजीनामा दिला. कुणी मागितला नव्हता. उलट मॅनेजरनं त्यांना बोलावून पगार वाढवायची तयारी दाखवली, कारण नव्या हॉस्पिटलचं मोठं काम येऊ घातलं होतं आणि पत्रा मोजावा तो ह्यांनीच. मीही सांगून पाहिलं. म्हटलं, अजून तीन-चार वर्षं सहज काढाल, मग जा की कायमचे. तिथं जाऊन करणार काय?

"राहणार," ते म्हणाले.

मला वाटलं ह्यापुढे काही येईल, पण ते वाक्य तेवढंच होतं.

निरोप समारंभ झाला. कंपनीतल्या समारंभांबद्दल मला फारसं प्रेम नाही. जनरल मॅनेजरनं इंग्रजीत भाषण केलं, त्यात मालकांना त्यांनी संस्थेचा आधारस्तंभ म्हटलं आणि त्यांचं आडनाव चुकीचं उच्चारलं. काचेची एक ट्रॉफी दिली. तिच्यावर मनामाचे उंच टॉवर कोरलेले. त्यांतल्या एकाही टॉवरचे डक्ट आम्ही केलेले नव्हते. मालकांनी ट्रॉफी हातात घेऊन तळ तपासला, ती पोकळ आहे की भरीव ते बघितलं आणि "थँक यू" म्हणाले. विमानतळावर मी सोडायला गेलो. बॅगा तीन. आत जाताना ते वळून म्हणाले, "पुढच्या तपासणीला कोण येतंय बघू आता."

ते गेल्यावर पाच-सहा महिने मी फोन केला नाही. कारण काही नव्हतं. खोलीत नवा माणूस आला, हॉस्पिटलचं काम आलं, आणि माझी मापं चुकू लागली. मग एका शुक्रवारी इथं सकाळचे साडेनऊ वाजले असताना केला. तिथं बारा झाले असणार. फोन वहिनींनी उचलला.

"भाऊजी! किती दिवसांनी?"

मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग विचारलं, ते सवलतीचं काय झालं.

"मिळाली की. आली तपासणी पुन्हा. तोच पोरगा. ह्या वेळी त्यानं होय लिहिलं, मला विचारलंपण नाही."

मी म्हटलं, अभिनंदन.

"कसलं अभिनंदन! ती सवलत परत करायची म्हणून हे रोज पालिकेत जाऊन बसतात."

"परत? का?"

"मला विचारू नका. म्हणतात, इथं राहत नव्हतो तेव्हा पूर्ण पट्टी भरत होतो. आता रोज कोपऱ्यावरच्या दिव्याखालनं जातो, शाळेतल्या पोरांचा गलका ऐकतो, तर आता कमी का भरू? तिथला क्लार्क म्हणतो, आजोबा, सवलत मागायचा फॉर्म आहे, नको म्हणायचा फॉर्म नाही. हे म्हणतात, मग छापा. दोन महिने चाललंय."

मी विचार करायला लागलो. ज्या गोष्टीसाठी त्यांनी नोकरी सोडली, ती मिळाल्यावर त्यांना ती नको होती. की त्यांना ती कधी नकोच होती, फक्त ते होय हवं होतं? मी वहिनींना तसं विचारायला गेलो आणि माझं वाक्य मध्येच अडकलं.

"तुम्हाला तरी कळलं का काही, वहिनी?"

"छे," त्या म्हणाल्या. मागे तव्यावर काहीतरी चरचरलं. "मी सोडलंय कळून घ्यायचं."

"आहेत का घरी? द्या ना जरा."

"नाहीत. सकाळीच गेलेत, मुख्याधिकारी यायचेत म्हणे आज."

"मग मी कधी करू फोन?"

"दीडनंतर करा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "जेवायला घरी येतात ते."